रेस्क्यू करणाऱ्या माणसांचे आभार मानायचे तरी कसे?

आबोली
नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचत असते, आज लिहायला कारण आहे. मागच्या महिन्यात माझा धाकटा भाऊ मित्रांबरोबर इथे गोव्यात सत्तरी तालुक्यात एका व्हाळावर (ओढ्यावर) गेलेला. मोठा नावाजलेला धबधबा नाही, आत जंगलात आहे. वरच्या कातळावर शेवाळ होतं, पाय सरकला आणि तो खालच्या दगडांत पडला. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार बसला. तिथे रेंज नाही. एक मित्र पळत खाली वाड्यावर (वस्तीवर) गेला, तिथल्या मुलांनी फोन केले आणि मदतीची वाट न बघता स्वतःच आधी वर पोचली. मागून अग्निशामक दलाचे जवान आले, वन खात्याचे गार्ड आले, आणि त्या चिखलातून, जळवांतून त्याला स्ट्रेचरवर घालून रस्त्यापर्यंत आणलं. तिथे १०८ उभी होती. तिथून थेट गोमेकॉ, म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज.

आता तो घरी आहे, मांडीत रॉड घातलाय, वॉकर घेऊन चालतो. तो सांगतो की एका जवानाने स्वतःचा रेनकोट काढून त्याच्या अंगावर घातला आणि त्याला झोप लागू नये म्हणून सगळ्या रस्ताभर त्याच्याकडून फुटबॉल टीममधली नावं वदवून घेतली. गोलकीपरपासून सुरुवात, विसरला की परत पहिल्यापासून. त्या माणसाचं नाव काय, आम्हाला माहीत नाही.

बाबांनी त्याच दिवशी पाकीट पुढे केलं तर त्यांनी हात जोडले, घेतलं नाही. आई म्हणते असं रिकाम्या हाताने राहणं बरं नाही, देवाला नारळ ठेवतो मग यांना काहीच नाही? तर विचारायचं हे की अशा लोकांचे आभार मानायची नीट पद्धत काय? कुणी मानलेत का? आणि वाड्यावरच्या मुलांचं काय करायचं, ती तर सरकारी पण नाहीत.

म्हापशेकर
पहिलं म्हणजे भाऊ सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. देव बरें करूं त्या सगळ्यांचं. मिठाईचा मोठा बॉक्स घेऊन सरळ स्टेशनवर जा, एवढा विचार कशाला.

बाबू_डिचोली
भाऊ वाचला याचा आनंद आहेच. पण मला एक कळत नाही, आपण प्रत्येक गोष्टीत एवढे भारावून का जातो? जवान पगार घेतो, ट्रेनिंग सरकारने दिलंय, गाडी आपल्या टॅक्सची. वीज खात्याचा लाइनमन पावसात खांबावर चढतो त्याला कोण मिठाई नेतं? आपण मागितलेली ही मेहरबानी नव्हे, आपला हक्क आहे. आभार मानले की लोक हक्क विसरतात आणि खातं पण विसरतं.

पणजीची_पोर
लाइनमनला पण न्यावी मिठाई, त्यात वाईट काय? आमच्या आवाठात वादळात झाड पडून दोन दिवस लाइट नव्हती, ती आली तेव्हा शेजारच्या काकींनी लाइनमनना बसवून चहा आणि गरम पोळे खाऊ घातले, ते पण एवढे खूश झाले. पगार कामाचा असतो हो बाबू, पण रेनकोट काढून दुसऱ्याच्या अंगावर घालायचा पगार कुठल्या खात्यात देतात ते सांगा मला.

काणकोणकार
फक्त सत्कार करू नका प्लीज. 🙏 शाल, श्रीफळ, आणि आठ जणांची भाषणं. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी स्टेजवर उभा करायचा आणि प्रमुख पाहुण्याची वाट बघायची. आणि गोव्यात नारळ कसला देता, घरोघरी माड आहेत, त्यालाच विचारा तुम्हाला हवेत का म्हणून.

लाल_गाडी
मी दलात आयुष्य काढलं, लीडिंग फायर फायटर म्हणून निवृत्त झालो. म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पाकीट घेतलं नाही ते बरोबरच केलं. सरकारी नोकराला वर्तणूक नियम लागू असतात, १९६४ चे, त्यातला १३ वा नियम भेटवस्तूंचाच आहे. रोख तर अजिबातच नाही. आईंना सांगा त्यांनी तुमचा मान नाही मोडला, नोकरी सांभाळली. पण त्याच नियमात असंही आहे की प्रसंगाने दिलेलं जेवण किंवा साधं आदरातिथ्य ही भेट धरत नाहीत. त्यामुळे सगळ्या शिफ्टला पुरेल असा चहा आणि खायला काहीतरी घेऊन गेलात तर कोणी नाही म्हणणार नाही. एकाच्या हातात देऊ नका, सगळ्यांसाठी म्हणून ठेवा. आणि पॅकबंद किंवा सुकं आणा, कारण कॉल पडला की गरम बशी तशीच टाकून जावं लागतं, परत येईतो त्याचं काय होतं ते आम्हाला विचारा.

पण तुम्ही विचारलंत नीट पद्धत काय, तर ती पत्र. हसू नका. पत्र लिहा संचालकांच्या नावे, अग्निशमन व आपत्कालीन सेवा संचालनालय, सांतिनेज, पणजी, आणि एक प्रत ज्या स्टेशनची गाडी आली तिथल्या स्टेशन फायर ऑफिसरला. त्यात तारीख, अंदाजे वेळ, जागा आणि काय घडलं ते लिहा. मराठीत लिहिलं तरी चालतं. तुम्हाला नावं माहीत नसली तरी बिघडत नाही, तारीख-वेळ-जागा असली की वॉच रूमच्या (जिथे फोन घेतात त्या खोलीच्या) नोंदीत कुठली गाडी गेली, त्यावर कोण कोण होतं सगळं मिळतं. तोंडी शाबासकी त्या खोलीत राहते. कागद असला तर तो फायलीला लागतो आणि उद्या बढतीच्या वेळी किंवा पदकासाठी नावं पाठवायच्या वेळी साहेबाच्या हातात काहीतरी असतं. आमच्याकडे तक्रारी लेखी यायच्या आणि कौतुक तोंडी. हे उलटं झालं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

आणि एक. भावाला चालता यायला लागलं की त्याला स्टेशनवर घेऊन जा. आम्ही माणूस १०८ मध्ये घातला की आमचं काम संपतं, पुढे तो जगला का, पाय राहिला का, काही कळत नाही. काही कॉल वर्षानुवर्षं डोक्यात राहतात ते यामुळेच.

म्हापशेकर
म्हणजे चहा-भजी कायदेशीर! माझा मिठाईचा बॉक्स पास झाला म्हणायचा.

लाल_गाडी
झाला झाला. पण पेढे पुरे, काजूकतली नको, तुमचा खर्च वाढेल. 😀

गोमेकॉतली
मी नर्स आहे, नावावरून कळलंच असेल कुठे. लाल_गाडी काकांनी शेवटी लिहिलं ते १०८ वाल्यांना तर दुप्पट लागू आहे. त्यांचा पायलट (ते ड्रायव्हरला पायलट म्हणतात) आणि ईएमटी (गाडीत पेशंटवर उपचार करणारा कर्मचारी) पेशंट आमच्या ताब्यात देतात, कागदावर सही घेतात, स्ट्रेचर पुसतात आणि बाहेर पडेपर्यंत दुसरा कॉल आलेला असतो. पुढच्या खेपेला आले की दारातूनच विचारतात, सिस्टर तो परवाचा मुलगा कसा आहे? बऱ्याचदा मलाही माहीत नसतं कारण पेशंट वॉर्डात गेलेला असतो. एकदा एक म्हातारी बाई आपल्या नवऱ्याला घेऊन फॉलोअपला आलेली, ती ॲम्ब्युलन्स उभी दिसली की जवळ जाऊन विचारायची, तुम्हीच का आमच्या घरी आलेलात? ते नव्हते. पण तो ईएमटी तिच्याशी इतका वेळ बोलत उभा राहिला की शेवटी पायलटने हॉर्न वाजवला.

त्यामुळे आबोली, तुम्ही पत्र लिहिताना १०८ ची एक वेगळी चिठ्ठी करा. ते अग्निशामक दलाच्या पत्रात जात नाही, त्यांची संस्था वेगळी. तारीख आणि कुठून उचललं एवढं पुरे.

आणखी एक सांगू? रक्त द्या. भावाला ऑपरेशनच्या वेळी रक्त लागलं असेल तर कुणीतरी दिलेलं ते. घरातल्या धडधाकट माणसांनी बांबोळीच्या रक्तपेढीत एकदा जाऊन यावं.

ट्रेकवेडा
मी कोल्हापूरकडचा, नोकरीनिमित्त वास्कोत. इथे एक फरक लक्षात घ्या. गोव्यात बहुतेक काम सरकारी दल करतं. आमच्याकडे सह्याद्रीत कड्यावरून कोण पडलं तर पोलीस पहिला फोन करतात तो स्थानिक गिर्यारोहकांना. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र घ्या, किंवा महाबळेश्वर ट्रेकर्स. ही पोरं दुकान बंद करून, रजा टाकून येतात, पगार नाही. दोर, हार्नेस, कॅराबिनर सगळं वर्गणीतून, आणि दोराचं आयुष्य असतं, एकदा कड्यावर घासला किंवा मोठा झटका बसला की तो जिवंत माणसासाठी वापरायचा नाही. अशा लोकांना पैसे दिलेच पाहिजेत, पावती घेऊन संस्थेच्या खात्यात. तिथे नुसता हात जोडून 'तुम्ही देवमाणसं' म्हणणं मला पटत नाही. देवमाणसाला पेट्रोल फुकट मिळत नाही.

तेव्हा आधी बघायचं आलं कोण, सरकारी की स्वयंसेवक. सरकारी असेल तर पत्र, स्वयंसेवक असतील तर पत्र आणि वर्गणी दोन्ही.

बाबू_डिचोली
ट्रेकवेडा, हेच मी म्हणतोय हो! साधनं! आभार म्हणून काही करायचं तर आमदाराला पत्र लिहा की आमच्या तालुक्यातल्या स्टेशनला डोंगरातल्या रेस्क्यूचं सामान पुरेसं आहे का, माणसं पुरेशी आहेत का. आग विझवायची गाडी घेऊन जंगलात शिरणार कुठे? रस्ता संपला की पुढे पायीच. त्या जवानाला स्वतःचा रेनकोट द्यावा लागला याचं कौतुक करा, पण पेशंटला गुंडाळायचं काही गाडीत होतं की नाही हे पण विचारा. पेढ्याने ते येत नाही.

पणजीची_पोर
हे मात्र पटलं. पण दोन्ही करता येतं ना? पेढा आणि प्रश्न.

मास्तर
उत्तम चर्चा चाललीय. थोडी भर घालतो. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती म्हणून आपल्याला सुट्टी असते, पण तोच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणूनही पाळतात, आणि २० एप्रिलपर्यंत आठवडा चालतो. कारण असं की १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाच्या बोटीला आग लागली. बोटीत कापसाच्या गासड्या, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा, सगळं एकत्र. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान स्फोटांत मेले. शाळेत असताना मी दरवर्षी मुलांना हे सांगायचो आणि जमलं तर जवळच्या स्टेशनवर न्यायचो. त्या आठवड्यात स्टेशनवर लोक गेलेले त्यांना आवडतं, गाडी दाखवतात, मुलांच्या हातात होज धरायला देतात. मुलांनी काढलेली चित्रं मी तिथे भिंतीवर लावलेली पाहिली आहेत, पुढच्या वर्षी गेलो तरी तिथेच होती.

आबोलीताईंच्या घरात लहान मुलं असतील तर हे त्यांच्यावर सोपवा. मामाला कसं खाली आणलं त्याचं चित्र.

काणकोणकार
मास्तर, आमच्या वेळी तुमच्यासारखे मास्तर असते तर आम्ही शाळेत गेलो असतो.

किशोर_वि
सगळे गोड गोड बोलताय म्हणून जरा कडू बोलतो. दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, धबधब्यात, नदीत, खाणींच्या खंदकात उतरायचं नाही. तरी लोक उतरतात. २०२३ च्या जुलैत पाली धबधब्यावर दीडशेच्या आसपास लोक पलीकडे अडकले, नदीचं पाणी वाढलं म्हणून. त्यांना काढायला अग्निशामक, पोलीस, गाववाले सगळे भर पावसात. त्यानंतर वन खात्याने धबधब्यांवर जायलाच बंदी घातली, मग सगळे ओरडले. सांगा, आभार मानायचे असतील तर आधी तिथे कडमडायला जाऊ नका ना. अशा लोकांकडून रेस्क्यूचा खर्च वसूल करायला पाहिजे.

ट्रेकवेडा
खर्च वसूल करायचा म्हटलं की लोक फोन करायला घाबरतात, उशीर करतात, आधी आपणच दोरी टाकून बघतात आणि एकाच्या जागी दोघे बुडतात. रेस्क्यूवाल्यांना विचारा, त्यांना उशिरा आलेला फोन सगळ्यात नको असतो. दंड मोडलेल्या बंदीचा करा, मदतीचं बिल काढू नका.

लाल_गाडी
सहमत. आम्ही खाली उतरताना तो तिथे का गेला हे कधी विचारलं नाही. वर आणल्यावर दोन शब्द सुनावायचो, ते वेगळं. 🙂

किनारा_ड्यूटी
मी लाइफसेव्हर आहे, किनाऱ्यावर. २००८ पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर 'दृष्टी' या कंपनीचे आम्ही लाइफसेव्हर आहोत, दूधसागरलाही असतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथे पाणी एकदम वाढून छोटा पूल गेला तेव्हा ४० हून जास्त पर्यटकांना आमच्याच लोकांनी पलीकडून काढलं. आम्हाला काय हवं? शिट्टी मारली की बाहेर या. तांबडा बावटा लावलाय तिथे उतरू नका. बस. पाण्यातून काढलेला माणूस बऱ्याचदा लाजेने मान खाली घालून निघून जातो, आमच्याकडे बघत पण नाही. त्याचा राग नाही येत. पण एकजण दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला, टॉवरखाली उभा राहून नुसता हात वर केला आणि गेला. तो अजून आठवतो.

व्हाळापलीकडे
मी सत्तरीतला. कुठल्या वाड्यावरचा ते नाही सांगत, पण अशा किती माणसांना आम्ही उचललंय त्याचा हिशोब नाही, म्हणून आबोलीच्या दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देतो.

दल यायला वेळ लागतो, त्यात त्यांचा दोष नाही, रस्ताच तसा आहे. तोवर आम्हीच. कुणाच्या घरातली विहिरीची दोरी, कुणाची चादर, कोयता घेऊन एकजण पुढे झुडपं तोडत जाणार, मागे सहा-आठ जण स्ट्रेचर धरणार, दमले की दुसरे सहा. चढाला डोकं पुढे, उताराला पाय पुढे, हे आम्हाला दलाच्या लोकांनीच बघून बघून शिकवलं. रात्र झाली तर बायका बॅटऱ्या घेऊन उभ्या राहतात. दुसऱ्या दिवशी कुणाचा रोज बुडतो, काजूच्या किंवा कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कामावर गेलं नाही तर पैसे नाहीत, पण ते कुणी बोलत नाही.

पैसे आम्हालाही नकोत. दिलेत तर वाड्यावर भांडण होईल कुणाला किती. आम्हाला वाईट कशाचं वाटतं सांगू? दोरी आणि चादर. चादरीवर माणूस घालून ॲम्ब्युलन्समध्ये चढवला की ती तशीच जाते, परत येत नाही. दोरी कापावी लागते. ज्या म्हातारीची दोरी गेली तिला दुसऱ्या दिवशी पाणी काढायला दुसरी आणावी लागते आणि कोण विचारत नाही. तेव्हा खरंच काही द्यायचं तर वाड्यावर एक चांगली लांब जाड दोरी, एक हवेने न भरणारी गोल रबरी रिंग आणि घडी होणारं स्ट्रेचर देऊन जा, देवळात ठेवू, सगळ्यांना माहीत असेल कुठे आहे ते. आणि शहरात जाऊन 'तिथले लोक नुसते बघत उभे होते' असं पेपरवाल्याला सांगू नका. एकदा तसं छापून आलेलं, आमची मुलं किती दिवस तोंड पाडून होती.

आबोली
सगळ्यांचे खूप खूप आभार, मला एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. व्हाळापलीकडे, तुमचं वाचून आईने मागच्या खोलीत जाऊन पिशवी उघडली. गोमेकॉतून भावाचे कपडे ज्या पिशवीतून आले त्यात एक निळी सोलापुरी चादर होती, आम्हाला वाटलं हॉस्पिटलची. ती वाड्यावरचीच असणार! रक्ताचे डाग आहेत, आई म्हणते ती धुऊन परत द्यायची आणि बरोबर नवी पण. आणि दोरी. स्ट्रेचरसाठी भावाच्या मित्रांनी आपसांत वर्गणी काढायला घेतलीय, त्यांना मी काहीच बोलले नाही, त्यांनीच ठरवलं.

आणखी एक विचारते. त्या मुलांतला एकजण वाहत्या पाण्यात उतरून भावाचं डोकं वर धरून बसलेला, दल येईपर्यंत. वय असेल अठरा-एकोणीस. त्याच्यासाठी काही सरकारी मानबिन असतो का?

वकीलकाका
असतो. जीवन रक्षा पदक. तीन प्रकार आहेत, सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, उत्तम जीवन रक्षा पदक आणि जीवन रक्षा पदक. १९६१ साली सुरू झालं. बुडणाऱ्याला, आगीत, अपघातात जिवावर उदार होऊन वाचवलं तर कोणत्याही नागरिकाला मिळू शकतं, प्रस्ताव राज्य सरकारमार्फत जातो. दलाच्या जवानांना हे ड्यूटीबाहेरच्या कामासाठीच मिळतं, त्यांच्या ड्यूटीतल्या कामासाठी वेगळी शौर्य आणि सेवा पदकं आहेत, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला जाहीर होतात. जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज द्या, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची लेखी निवेदनं जोडा, आत्ताच घ्या, वर्षभराने माणसं तपशील विसरतात. पण त्या मुलाला आधी विचारा त्याला चालेल का. आणि मिळेलच असं त्याला सांगू नका.

जाता जाता, पोलिसांची भानगड मागे लागेल म्हणून लोक जखमीला हात लावत नाहीत. रस्ता अपघातापुरतं तरी ते भय आता काढून टाका. सुप्रीम कोर्टाने २०१६ साली मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ए कलम आलं. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही.

खांडेपारची
लिहू की नको असं होतंय. आमचा चुलतभाऊ नदीत गेला तो परत नाही आला. दलाची माणसं होडी घेऊन दिवसभर शोधत होती, अंधार पडला तेव्हा थांबली आणि सकाळी आमच्याआधी हजर. मिळाला तेव्हा त्यांनी काठावर आणण्याआधी पाण्यातच त्याला नीट झाकला, काकी काठावर उभी होती म्हणून. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला.

आम्ही आभार मानायला गेलोच नाही, वाचला असता तर गेलो असतो असं सगळ्यांच्या मनात. मग दिवस झाल्यावर काका एकटे गेले. तिथला सब-ऑफिसर काकांना म्हणाला, आम्ही जिवंत काढू शकलो नाही, तुम्ही आलात कसे? दोघेही काही बोलले नाहीत पुढे बराच वेळ, असं काकाच सांगतात. इथे सगळे वाचलेल्यांचं लिहिताय म्हणून हे लिहिलं. न वाचलेल्यांच्या घरच्यांनी पण जावं. त्यांना ते जास्त लागतं असं मला वाटतं.

लाल_गाडी
ताई, जावं. नक्की जावं. काका गेले ते फार मोठं काम केलं त्यांनी. जास्त लिहीत नाही.

गोमेकॉतली
❤️

बाबू_डिचोली
खांडेपारची, तुमचं वाचून बराच वेळ काही टाईप करता आलं नाही. माझा मुद्दा साधनांचा तो आहेच, त्यावर मी ठाम आहे, पण हक्क आणि आभार यांत भांडण नाही एवढं इथे वाचून पटलं. मी आमच्या आमदारांना पत्र लिहितोय, कोणाला सही करायची तर कळवा. काय मागायचं ते लाल_गाडींनी सांगावं, आपण बाहेरून काहीबाही लिहू.

लाल_गाडी
मी मुद्दे काढून देतो. रात्री कामाला येणारे डोक्याला बांधायचे दिवे आणि जंगलात चालतील असे हलके स्ट्रेचर, हे पहिलं घाला.

पणजीची_पोर
एक राहिलं. भावाच्या मित्रांनी व्हिडिओ काढला असेल तर तो टाकू नका हां. हल्ली रेस्क्यूचे रील करतात, मागे गाणं लावून. पेशंट विव्हळतोय आणि लोक लाइक करतायत.

किशोर_वि
जवानांचं कौतुक लोकांपर्यंत पोचायचं तर व्हिडिओच पोचतो हो, पत्र कोण वाचतं.

किनारा_ड्यूटी
आमच्यातल्या एकाच्या आईने असा व्हिडिओ बघितला आणि ती त्याला कामावर सोडेना. टाकायचाच तर पेशंट आणि जवान दोघांना विचारून टाका. त्यापेक्षा पेपरात वाचकांच्या पत्रव्यवहारात चार ओळी द्या. ते कात्रण आमच्याकडे बोर्डावर लागतं.

आबोली
व्हिडिओ आहे एकाकडे, टाकणार नाही. भाऊ पण नको म्हणतो.

दलासाठी पत्राचा मजकूर केलाय, बघा आणि सुधारा:

'महोदय, अमुक तारखेला दुपारी सत्तरी तालुक्यातील अमुक वाड्याजवळील व्हाळावर माझा भाऊ घसरून जखमी झाला. आपल्या वाळपई स्टेशनचे जवान तिथे पायी पोचले. त्यांनी त्याची मान आणि पाय बांधून स्थिर केला, मुसळधार पावसात जंगलातून रस्त्यापर्यंत वाहून आणला. एका जवानाने स्वतःचा रेनकोट त्याला घातला आणि रुग्णवाहिकेपर्यंत त्याच्याशी बोलत राहून त्याला जागा ठेवला. डॉक्टरांनी सांगितले की त्याला हलवताना काळजी घेतली म्हणून पायाचे नुकसान वाढले नाही. तो आता वॉकरने चालतो. या पथकातील सर्वांची आम्हाला नावे माहीत नाहीत, ती नोंदीतून पाहून हे पत्र त्या प्रत्येकाला दाखवावे आणि त्यांच्या सेवा नोंदीत ठेवावे, ही विनंती. आम्हा सर्व कुटुंबीयांचे आभार.'

लाल_गाडी
फार चांगलं झालंय. डॉक्टरांचं वाक्य ठेवलंत ते उत्तम, ते आमच्या माणसांना कधी ऐकायला मिळत नाही. दोन दुरुस्त्या. 'दुपारी' नको, घड्याळाची अंदाजे वेळ घाला, त्या दिवशी दुसरे कॉल पण असतील. आणि शेवटचं वाक्य वाचताना असं वाटतं की आभार तुमचे मानायचे आहेत, तिथे 'आमच्या सर्व कुटुंबाकडून मनापासून आभार' करा.

वॉचरूमची_लेक
मध्येच बोलते, माझे पप्पा वॉच रूम ऑपरेटर आहेत. फोन तेच घेतात, रेंज तुटत असताना समोरच्याकडून जागा नीट काढून घेतात, कुठला वाडा, कुठल्या देवळापासून आत, आणि मग गाडी सुटते. गाडीवर नसतात म्हणून त्यांचं नाव कधीच येत नाही कुठे. 'पथकातील सर्वांची' च्या ठिकाणी 'फोन घेणाऱ्यासह पथकातील सर्वांची' केलंत तर?

आबोली
केलं. तिन्ही दुरुस्त्या घातल्या. वाड्यावरच्या मुलाने त्या फोनबद्दल सांगितलेलं, पलीकडचा माणूस अजिबात घाई न करता विचारत होता म्हणून त्याला सगळं नीट सांगता आलं, ते पण एका ओळीत घालते. १०८ चं वेगळं पत्र गोमेकॉतली यांना व्यनि करते, त्या बघून देतील.

व्हाळापलीकडे
वाड्यावर येताना रविवारी या, सगळे घरी असतात. पाऊस असला तर गाडी खालीच ठेवा, वरचा रस्ता निसरडा आहे, आम्ही घ्यायला येतो.